वुंडरलिश श्रवणवही : शेवटच्या टप्प्यावर

मंडळी, जर्मन टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) फ्रिट्झ वुंडरलिशची ध्वनिमुद्रणं वर्षांच्या क्रमानं ऐकायचं ठरवलं होतं, ते आता शेवटाकडे आलं आहे. १९५५ ते १९६६, एवढीच त्याची कारकीर्द. यादी लावायला वेळ लागत नाही, पण पुढे सरकवत नाही.

जन्म १९३०चा, जर्मनीतल्या कूझेल गावचा. आईवडील दोघंही वादक. तो पाच वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. फ्रायबुर्गला गाण्याबरोबर तो फ्रेंच हॉर्न शिकला आणि खर्च भागवायला नाचगाण्याच्या बँडमध्ये वाजवत राहिला. त्याचा दमसास या हॉर्ननं घडवला, असं माझं ठाम मत झालं आहे. लांबलचक ओळ तो एका श्वासात नेतो आणि शेवटचा सूरही पहिल्याइतकाच भरलेला असतो.

श्टुटगार्टला १९५६मध्ये योसेफ ट्राक्सल या गायकाच्या जागी मोत्सार्टच्या ‘जादूची बासरी’ या ऑपेरातला राजपुत्र टामिनो त्यानं गायला आणि नाव झालं. हीच भूमिका वाद्यवृंदसंचालक कार्ल ब्योमच्या १९६४च्या बर्लिनच्या मुद्रणात ऐका. राजकन्येचं चित्र पाहून टामिनो गातो, तिथे पहिल्या दोनच सुरांत गळा मंद्र पंचमावरून थेट मध्य गंधारावर जातो. बरेच गायक इथे जोर लावतात. वुंडरलिश मात्र गंधारावर अलगद पोचतो, धक्का म्हणून लागत नाही. ती जागा मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे इटालियन आणि रशियन ऑपेरा तो बहुधा जर्मनमध्येच गायचा. चायकोव्हस्कीच्या ‘युजीन ओनेगिन’मधला त्याचा लेन्स्कीही जर्मन आहे. सुरुवातीला कानाला सवय करावी लागते, मग काही अडत नाही.

सध्या शूमानच्या ‘कवीचं प्रेम’ या गीतमालेवर मुक्काम आहे. साथीला पियानोवर हुबर्ट गीझन. पहिल्या गाण्याच्या शेवटी पियानो षड्जावर येतच नाही, हुरहूर तशीच लटकत राहते. त्यावर वुंडरलिश भावनेची जादा भर घालत नाही, शब्द नुसते स्वच्छ टाकतो. स्टुडिओतल्या मुद्रणापेक्षा ४ सप्टेंबर १९६६च्या एडिंबरा मैफलीतला आवाज मला जास्त मोकळा वाटला. तीच त्याची शेवटची मैफल. १७ सप्टेंबरला मित्राच्या घरी जिन्यावरून पडून तो गेला. छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये पदार्पण ठरलेलं होतं.

आता राहिलंय वाद्यवृंदसंचालक कारायानचं हायडनकृत ‘सृष्टी’. त्यातले एकल गायनाचे भाग वुंडरलिशचे आहेत. राहून गेलेले पठणवजा भाग नंतर वेर्नर क्रेननं गाऊन मुद्रण पूर्ण केलं. आवाज कुठे बदलतो ते संहिता समोर ठेवून टिपणार आहे. ज्यांनी हे आधी केलं असेल त्यांनी आपल्या नोंदी जरूर द्याव्यात.