आमची वाटचाल : पंप-नोझलच्या बाकड्यापासून रोलरपर्यंत

जालन्यातल्या आमच्या शेडवर दर दोन-चार दिवसांनी एक ठरलेला फोन येतो. "भाऊ, रोलरवर लावल्यानं गाडीचं इंजिन तर बसत नाही ना?" रोलर म्हणजे आमचा चासी डायनो, गाडी उभ्या जागी पळवून चाकापाशी ताकद मोजायचं यंत्र. विचारणाऱ्याकडं बहुतेक वेळा डिझेल पिकअप असते, तीही रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली इंधनाची सेटिंग बदललेली, किंवा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बदललेली. पूर्वी मी "काही होत नाही हो, बिनधास्त आणा" असं ठोकून द्यायचो. मे २०२२ पासून तसं म्हणणं सोडलं. त्याचं कारण सांगतोच, पण आधी आम्ही या भानगडीत पडलो कसे ते.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९१ साली जुन्या मोंढ्याजवळ पत्र्याच्या गाळ्यात पंप-नोझलचं, म्हणजे डिझेल इंजिनाचा इंधन पंप आणि फवारा मारणारं नोझल दुरुस्त करायचं, काम सुरू केलं. हाताच्या दांड्यानं चालणारा नोझल टेस्टर, एक जुना कॅलिब्रेशन बेंच आणि हाताखाली एक पोरगा. मोंढ्यातले टेम्पो, जिनिंगचे ट्रक, ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं, जे दारात येईल ते. नोझलचा फवारा बॅटरीच्या उजेडात बघायचे आणि धुक्यासारखा पडला तर "चांगलाय" म्हणायचे, थेंब-थेंब गळाला तर "हा मुततोय". तेवढंच निदान, आणि ते चुकत नसे.

मी २००६ मध्ये आयटीआय करून दुकानात बसलो. पुढच्या काही वर्षांत कॉमन रेलनं, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या डिझेल फवारणीनं, अण्णांचा निम्मा धंदा खाल्ला. जुन्या पंपाला स्क्रू असायचा, जरा पिळला की गाडी जास्त ओढायची आणि जास्त धूरही मारायची. कॉमन रेलमध्ये पिळायला काही उरलंच नाही, सगळं ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, पोटात गेलं. आम्ही स्कॅनर घेतला, इंजेक्टरचा बेंच घेतला, तगलो. मग पोरं यायला लागली, "रिमॅप केलाय, ४० एचपी वाढले म्हणतात. खरंच वाढले का?" हे मोजायला पुण्याला जायला लागायचं. म्हणून २०१९ मध्ये एक वापरलेला चासी डायनो घेतला. अण्णा म्हणाले, "उभ्या जागी गाडी पळवायची अन् वर पैसे बी घ्यायचे? कोण देईल?"

पैसे नंतर मिळाले, आधी गेले. आमच्या प्लॉटवर पाच फूट काळी माती, त्याखाली मुरूम. खड्डा खणणाऱ्यानं चार फुटांवर थांबवलं, "एवढं बास." पहिल्या मोठ्या पावसात माती फुगली आणि रोलरची फ्रेम एका बाजूनं वर उचलली. फार नाही, करंगळीच्या पेरापेक्षाही कमी, पण बेअरिंग ओरडायला लागली. काळ्या रानात घर बांधणाऱ्या कुठल्याही गवंड्याला हे माहीत असतं, मला डायनोच्या नादात सुचलं नाही. सगळं उकरून मुरमापर्यंत गेलो, मुरूम ठोकून भरला, वर काँक्रीट. ते आवरतंय तोवर मार्च २०२० चं लॉकडाऊन. नव्या रोलरवर ताडपत्री टाकून घरी बसलो.

आता मूळ प्रश्नाकडं. आमच्या डायनोत दोन गोष्टी आहेत. एक जड रोलर, जो फिरवायलाच ताकद लागते, आणि त्याला जोडलेला एडी करंट ब्रेक, म्हणजे विजेवर चालणारा रिटार्डर. नुसत्या जड रोलरवर टर्बो डिझेल पुरतं बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) धरत नाही, कारण चाकं झटक्यात पळतात. रिटार्डरनं भार दिला की गाडीला वाटतं आपण चढावर आहोत, आणि मग ती खरं काय ते दाखवते. संगणक टॉर्क मोजतो, आरपीएमनं गुणतो, ९५४९ नं भागतो, की किलोवॅट. २०१६ मध्ये भारतात आलेल्या इसुझू व्ही-क्रॉसचं उदाहरण घ्या. तिला कंपनी ३२० न्यूटन-मीटर सांगते, २८०० आरपीएमपर्यंत. ३२० गुणिले २८०० भागिले ९५४९ म्हणजे ९४ किलोवॅट, साधारण १२६ एचपी. हे इंजिनापाशी. चाकापाशी गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आपापला वाटा खाऊन घेतात, त्यामुळं आमच्याकडं आकडा कमीच येतो. त्यावरून भांडणं होतात. सॉफ्टवेअरमध्ये हवामानाचं करेक्शन असतं. मे महिन्यात ते चालू केलं की आकडा फुगतो आणि गिऱ्हाईक खूश. टर्बो हवेची तूट बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतो, मग ते फुगीर एचपी कुणाच्या कामाचे? आम्ही करेक्शन बंद ठेवतो.

एक रन म्हणजे चौथ्या गिअरमध्ये १५०० पासून ३८०० पर्यंत फुल अॅक्सिलरेटर, दहा-बारा सेकंद. क्लच, शाफ्ट, क्रॉस, अॅक्सलवर त्या वेळी जो टॉर्क येतो तो रस्त्यावर फुल दाबल्यावर येतो तेवढाच. रोलर इंजिनात स्वतःची ताकद घालत नाही. चाळीसगावकडून कन्नडला औट्रम घाट केळीचा माल भरून चढणारी पिकअप या दहा सेकंदांच्या कितीतरी पट जास्त वेळ तसा मार खाते. हे मी लोकांना सांगायचो आणि ते खरंच आहे. फक्त अर्धंच खरं आहे.

मे २०२२. गेवराईकडचा एक पोरगा, मोठी पिकअप, बाहेरून रिमॅप केलेली. सोबत चार मित्र, चौघांच्या हातात मोबाईल. बाहेर ४२-४३ डिग्री, दुपारी वावटळ सुटलेली म्हणून आम्ही शेडचं शटर निम्म्याच्या खाली ओढलं. ही पहिली चूक. शेडमधली तापलेली हवाच पंखा परत रेडिएटरवर मारत होता. पाच रन झाले. "भाऊ, आणखी एकदा." सहावा झाला. मग त्याला बूस्टचा काटा एका जागी धरून बघायचा होता, व्हिडिओसाठी. मी रिटार्डरवर गाडी २८०० ला अडवली आणि फुल अॅक्सिलरेटर दिला. अंदाजे चाळीस सेकंद. आधी आवाज बदलला, मग खालून टकटक, आणि ऑइलच्या झाकणातून भपकारा.

हेड उघडलं तर तीन नंबरच्या पिस्टनची कड लोण्यासारखी वाहून गेलेली. अण्णांनी काही न बोलता तीन नंबरचा इंजेक्टर काढून बेंचवर लावला. दांडा सोडला तरी टोकाला थेंब लटकत होता. "मुततोय," एवढंच म्हणाले.

डिझेलचं गणित पेट्रोलपेक्षा उलटं असतं. पेट्रोलमध्ये इंधन वाढवलं की ज्वलन थंड होतं, डिझेलमध्ये वाढवलं की तापतं. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, पिस्टनची मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडते. एक्झॉस्टचा वायू टर्बोच्या अलीकडं याहून गरम असू शकतो आणि तरी पिस्टन टिकतो, कारण खालून ऑइलचा फवारा आणि बाजूनं रिंगा उष्णता ओढून नेतात. प्रश्न वेळेचा आहे. भाकरी तव्यावर किती वेळ राहिली, याचा. त्या पिकअपच्या मॅपमध्ये डिझेल जास्त होतं, तीन नंबरचा इंजेक्टर त्यात स्वतःची भर घालत होता, आणि मी तिला चाळीस सेकंद तव्यावर ठेवलं. घाटात लादलेली नेली असती तर तिथं गेली असती, यात मला शंका नाही. पण गेली माझ्या शेडमध्ये, माझ्या हातानं.

मॅप करणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. पोराचे वडील आले, पागोटं बांधलेले, शांत माणूस. म्हणाले, "आता काय करायचं सांगा." मी कागदावर कारणं मांडायला लागलो तर अण्णांनी मध्येच तोडलं, "निम्मा खर्च आमचा." मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

तेव्हापासून एक्झॉस्टचं तापमान मोजल्याशिवाय मॉडिफाय गाडी रोलरवर चढत नाही. मॅनिफोल्डला टर्बोच्या अलीकडं भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बसवतो. भोक पाडताना ड्रिलला ग्रीस लावायचं आणि शेवटी चुंबक फिरवायचा, नाहीतर बीडाचा (कास्ट आयर्नचा) कीस टर्बोच्या पंख्यात जातो. हे न करता भोक पाडणारे बघितलेत. ७०० डिग्रीला आमचा ऑपरेटर अॅक्सिलरेटर सोडतो, मालक काही म्हणो. तीन रन, मध्ये काटा खाली येईपर्यंत थांबायचं, शटर सताड उघडं, दोन मोठे पंखे. एका जागी धरून ठेवायचं काम फक्त ट्यूनिंगसाठी, आणि तेही पाच-सहा सेकंद. रन झाल्यावर गाडी लगेच बंद नाही, दोन मिनिटं आयडल. हे ड्रायव्हर लोकांना सांगावं लागत नाही, मालकांना सांगावं लागतं.

तापमानाखालोखाल भीती टायरची. दोन रोलरच्या मध्ये टायर दोन्हीकडून चेपला जातो, पट्टे जास्त आवळले तर आणखी. आत उष्णता साठते. म्हणून घासलेले, बाजूला चिरा पडलेले किंवा रिमोल्ड टायर असतील तर गाडी परत पाठवतो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग पाट्याच्या स्प्रिंगवर नाचतो, चाक घसरतं, ग्राफ करवतीसारखा येतो. त्यासाठी हौद्यात दहा सिमेंटच्या गोण्या टाकतो, ५०० किलो, अॅक्सलच्या बरोबर वर, आणि फाळका लावून घेतो. पट्टे अॅक्सलला, चासीला नाही.

आणि लाईट. एडी करंट ब्रेकची पकड विजेवर असते. फुल रनमध्ये लाईट गेली की भार क्षणात नाहीसा होतो आणि इंजिन सुसाट वर जातं. ईसीयूवाली गाडी लिमिटरवर (आरपीएमच्या ठरलेल्या मर्यादेवर) आदळून वाचते, जुन्या पंपाची गव्हर्नरच्या भरवशावर. आमच्याकडं असं दोनदा झालं, दोन्हीदा गाडी वाचली. तिसऱ्यांदा नशीब बघायला नको म्हणून रिटार्डरला वेगळी बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडला.

गंमत अशी, की ज्यांच्या गाड्यांना काहीच केलेलं नाही त्यांना डायनोचा उपयोग जास्त होतो. अंबडचा एक भाजीवाला बोलेरो पिकअप घेऊन आला. "भाऊ, पिकअपला पिकअपच नाही." त्याला कुणीतरी फुल इंजिनचं काम सांगितलं होतं. रोलरवर घेतली तर इंजिनचे आरपीएम चढत होते आणि रोलरचा वेग मात्र मागं राहत होता. चौथ्या गिअरमध्ये हे प्रमाण बदलायला नको. क्लच प्लेट घसरत होती, बाकी इंजिन ठणठणीत. एकाच रनमध्ये कळलं. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

मॅप आम्ही करत नाही, ईजीआर किंवा डीपीएफ (प्रदूषण कमी करणारे भाग) काढून देत नाही, हे दारावरच लिहिलंय. गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीमालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसीत बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ आहे, आणि रिमॅपवाल्या बऱ्याच गाड्या तिथंच अडकतात. ती चाचणी न्यूट्रलमध्ये रेस करून होते. इंजिन रिकामं कमाल आरपीएमला नेणं हे माझ्या मते आमच्या एका रनपेक्षा जास्त वाईट, पण त्याबद्दल मला अजून कुणी फोन करून विचारलेलं नाही.

गेवराईची ती गाडी मागच्या दिवाळीत परत आली. कंपनीचा मॅप टाकून घेतलेला, इंजेक्टर चारही नवे. दोनच रन घेतले, काटा ६०० च्या घरात राहिला. पोराबरोबर या वेळी मित्र नव्हते, वडील होते. ग्राफचा कागद त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

सध्या ट्रॅक्टरसाठी पीटीओ (अवजारं चालवणारा मागचा शाफ्ट) डायनो घ्यायचं चाललंय. पंपाचा स्क्रू पिळलेले ट्रॅक्टर आपल्याकडं गावोगाव आहेत आणि ते मोजायची सोय जवळपास नाही. मागच्या ५४० आरपीएमच्या शाफ्टला जोडायचा आणि भार द्यायचा, चाकं जागची हलत नाहीत. अण्णा म्हणाले, "आधी खड्डा कुठं खणणार ते दाखव." पीटीओ डायनोला खड्डाच लागत नाही, हे मी अजून सांगितलेलं नाही.