अझरबैजानमधलं शेकी: राजवाडा पाहाच, पण रेल्वेच्या फंदात पडू नका

राजधानी बाकूहून रात्रीची रेल्वे पकडा, सकाळी शेकीत ताजेतवाने उतरा, असं सांगणारा माणूस त्या स्टेशनावर कधी उतरलाच नसावा. स्टेशनाचं नाव शेकी, गाव मात्र तिथून चांगलंच लांब, डोंगराच्या पायथ्याशी. बाहेर टॅक्सीवाल्यांचा घोळका. एकाने 40 मनात (इथलं चलन) मागितले. मी बॅग उचलून चालायला लागलो, तसा 15 वर आला! भाव डिकी उघडण्याआधी ठरवा, आकडा फोनवर टाइप करून दाखवा आणि जोडीला कुणी मिळतंय का बघा. त्यापेक्षा बाकूच्या बसस्थानकावरून बस घ्या, ती थेट गावात सोडते.

गावातही बाजारापासून किल्ल्यापर्यंत दगडी फरसबंदीचा चढ आहे. 1772 च्या पुरात जुनं शेकी गाळाखाली गेलं आणि लोकांनी वर नवं गाव वसवलं. त्यांच्या शहाणपणाची किंमत आता आपले गुडघे मोजतात. पावसात चपला नकोतच.

किल्ल्यातला राजवाडा 1797 चा, शेकीच्या खानांचा, म्हणजे इथल्या राज्यकर्त्यांचा. राजवाडा म्हणून भव्य काही डोळ्यासमोर आणू नका: दोन मजले, सहा खोल्या, समोर दोन प्रचंड चिनार. आत फोटो काढू देत नाहीत आणि गाइड गटागटाने पुढे हाकतो. तरीही सांगतो, शबाकेच्या खिडक्यांसाठी तंगडतोड वसूल होते. लाकडाचे बारके तुकडे एकमेकांत अडकवलेले, मध्ये रंगीत काचा. ना खिळा, ना सरस. ऊन आलं की लाल-निळे ठिपके जमिनीवर पसरतात. म्हणून आभाळ आलं असेल तर तिकीट काढायची घाई करू नका, चहा प्या. वरच्या दालनात भिंतभर लढाईची चित्रं आहेत, त्यात कापलेली मुंडकीही. गाइड घाई करेल, तुम्ही रेंगाळा.

गावातल्या वरच्या कारवानसराईत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या जुन्या धर्मशाळेत, आता हॉटेल आहे. मुक्काम नसला तरी अंगण बघून या. जवळच्या कीश गावातलं डागडुजी केलेलं जुनं चर्च छोटं आहे. काचेखाली थडग्यांतले सांगाडे दिसतात, लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा.

शाकाहारी असाल तर पीती (चणे घातलेला इथला रस्सा) विसरा, मटण आणि मेंढीच्या शेपटीच्या चरबीशिवाय ती होत नाही. खाणारे असाल तर आधी रस्स्यात पाव कुस्करून खा, मग उरलेले चणे-मटण चेचून. इथला हलवा जाळीदार, आत अक्रोड किंवा हेझलनट. अर्धा किलो पुष्कळ झाला. डब्यात नीट बांधून घ्या, पाक बॅगेत झिरपतो.