चांगामवेचे हत्ती आणि निम्मी उचल

नैरोबीहून मोम्बासाला मदाराका एक्सप्रेसने साधारण पाच-सहा तास लागतात. गाडीत बसायच्या आधी सगळ्यांच्या बॅगा रांगेने जमिनीवर ठेवायच्या, आपण मागे उभं राहायचं आणि पोलिसांचं कुत्रं त्या हुंगत जाणार. माझ्या बॅगेत बाकरवडी होती. कुत्र्याने तिथे जरा जास्तच वेळ घेतला.

गाडी सुटली की काही वेळाने कांबा लोकांचा मुलूख लागतो. कोरडा, लाल मातीचा, काटेरी झुडपांचा. केनियाचं लाकडी कोरीवकाम म्हणून जगभर जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं याच लोकांच्या हातचं. आणि ही गोष्ट फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर आजच्या टांझानियात गेलेला वामुन्यू गावचा मुतिस्या मुंगे तिथल्या झारामो कारागिरांकडून हे काम शिकला आणि घरी परतल्यावर कोरायला लागला. त्याच्याकडून घरच्यांनी, मग गावाने हा धंदा उचलला. दुकानात ‘आदिम कला’ अशी पाटी लावून जे विकतात त्याचं वय जेमतेम शंभर वर्षं, आणि गिऱ्हाईक अगदी सुरुवातीपासून परदेशी. ते भालेवाले मासाई योद्धेसुद्धा बहुतेक कांबा माणसंच कोरतात. हे कळल्यावर माझा आदर कमी झाला नाही, उलट जरा मोकळं वाटलं. हा धंदा आहे म्हटल्यावर पैसे कोणाला किती मिळतात हे विचारायला कसला संकोच?

आणि हे विचारायला निघाली होती माझी मैत्रीण. तिचं पुण्यात हस्तकलेच्या वस्तूंचं छोटं दुकान आहे. आधीच्या खेपेला तिने एका निर्यातदाराकडून जिराफ मागवले होते. एप्रिलचं ऊन लागलं आणि निम्मे जिराफ मानेपासून पोटापर्यंत तडकले. तक्रार केल्यावर निर्यातदार गोड आवाजात म्हणाला, काळजी नको, कारागिराचे पैसे कापून घेतो. हे ऐकून ती तडकली. तेव्हापासून तिचा हट्ट, की माल बनतो तिथे जाऊनच बघायचं.

चांगामवे हे मोम्बासा बेटाच्या बाहेर, विमानतळाच्या रस्त्यावर. तिथे अकांबा हँडिक्राफ्ट ही कारागिरांची सहकारी संस्था आहे, 1963 सालची, म्हणजे केनियाच्या स्वातंत्र्याइतकीच जुनी. सहकारी संस्था म्हटलं की मराठी माणूस आधी चेअरमनची गाडी शोधतो. मला तरी दिसली नाही. नारळाच्या झावळ्यांच्या शेड, खाली ढलप्यांचा थर, आणि वाकसाचा, म्हणजे आडव्या पात्याच्या छोट्या कुऱ्हाडीचा, टकटक आवाज सगळीकडून. माणसं जमिनीवर बसून पायांत ओंडका धरतात आणि वाकस थेट पायाच्या बोटांच्या दिशेने चालवतात. बघताना माझेच पाय आखडले. प्रत्येकाचा प्राणी ठरलेला. हत्तीवाला जन्मभर हत्ती, पाणघोडेवाला पाणघोडे. रेखाटन नाही, खूण नाही. पाच-सहा घावांत ओंडक्यातून सोंडेची जागा मोकळी होते. मग पटाशी, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. विक्रीच्या दालनात प्रत्येक वस्तूवर किंमत आणि कारागिराचा नंबर, त्यामुळे विकलेला हत्ती कोणाचा याचा घोळ होत नाही.

ज्यांच्याशी आम्ही सगळ्यात जास्त बोललो ते हत्तीवाले होते, साठीच्या पुढचे. तिथे वडीलधाऱ्या माणसाला म्झे म्हणतात, तसं आम्हीही म्हणालो. मैत्रिणीने जिराफांचे फोटो दाखवले. त्यांनी फोन लांब धरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “ओलं लाकूड.” मग सांगायला लागले. जाड हत्तीचं लाकूड वाळायला महिनोन् महिने लागतात. तोवर लाकडाचे पैसे अडकून पडतात आणि केनियात शाळा जानेवारीत सुरू होतात. फी भरायची असते. म्हणून ओला ओंडका आणायचा, ओलाच कोरायचा, आठवड्यात विकायचा. व्यापाऱ्यांनाही हे माहीत असतं, ते बरोबर त्याच सुमाराला घासाघीस करायला येतात.

रास्त व्यापाराची जी जागतिक संघटना आहे, डब्ल्यूएफटीओ, तिची दहा तत्त्वं आहेत. लोक त्यातलं रास्त भावाचं तेवढं धरून बसतात. मला चांगामवेत महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच: हस्तकलेच्या मालाला, विक्रेत्याने मागितल्यास, खरेदीदाराने निदान निम्मे पैसे आगाऊ द्यायचे, तेही बिनव्याजी. आपल्याकडे उचल म्हटलं की ऊसतोडीचा मुकादम आठवतो. उचल घेतली की ती फिटेपर्यंत कोयता त्याचाच. इथल्या आगाऊ रकमेने माणूस बांधला जात नाही, लाकूड वाळायला वेळ मिळतो. भाव दहा टक्के वाढवून दिला आणि पैसे माल पोचल्यावर तीन महिन्यांनी दिले, तर जिराफ तडकणारच.

लाकूड कुठलं, हा पुढचा प्रश्न. रस्त्यावर जो काळाभोर ‘एबनी’ मिळतो तो पुष्कळदा बुटाच्या पॉलिशने काळा केलेला असतो. ओला रुमाल घासून बघा. खरा काळा म्हणजे म्पिंगो, आपल्या शिसवीच्याच, डालबर्जिया गटातला. त्या अख्ख्या गटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून साइट्स या, धोक्यातल्या झाडं-प्राण्यांच्या व्यापाराबद्दलच्या कराराची बंधनं आहेत, मोठ्या खेपेला परवाना लागतो. दुसरं मुहुगू, कोरायला उत्तम पण अतिशय सावकाश वाढणारं, आणि कोरीवकामापायीच जंगलांतून भराभर तोडलं गेलेलं. म्हणून नव्वदच्या दशकापासून पर्यावरणवाल्यांनी एक पर्यायी झाड पुढे आणलं. ते झाड म्हणजे आपला कडुनिंब! भारतातून तिकडे गेला आणि किनाऱ्यावर इतका माजला की तोडल्याचं कोणाला दुःख नाही. म्झेंच्या समोरचा ओंडका कडुनिंबाचाच होता. लाकूड तांबूस, बऱ्यापैकी घट्ट, भुसा मात्र नाकात झोंबतो. पुण्यातून मोम्बासाला जायचं आणि कडुनिंबाचा हत्ती आणायचा, यावर मैत्रिणीच्या नवऱ्याने फोनवर जे भाष्य केलं ते इथे देत नाही.

मग भाव. ती घासाघीस करणार नव्हती, पण म्हणाली, हिशेब मांडू या. लाकूड इतकं, ते आणायचा टेम्पो इतका, दिवस इतके, रोज इतका. म्झे खडूने फळीवर आकडे लिहीत होते. बेरीज झाली तेव्हा तिने विचारलं, “आणि घासायचे?” शेडच्या कडेला एक बाई पाण्याच्या बादलीशेजारी बसून हत्तीच्या कानामागे पॉलिश पेपर फिरवत होत्या. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. म्झे म्हणाले, “त्या घरच्याच.” मैत्रीण काहीच बोलली नाही, खडू त्या बाईंकडे दिला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. एक आकडा लिहिला, क्षणभर थांबून पुसला आणि मोठा लिहिला. एका हत्तीला त्यांचा दीड दिवस जातो. तोवर फळीवर त्या दीड दिवसाची किंमत शून्य होती.

शेवटी ठरलं ते असं. निम्मी रक्कम बँकेतून संस्थेच्या खात्यात, तिथून दोघांच्या दोन वेगळ्या फोनवर एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या तिथल्या सेवेने. लाकूड आत्ता विकत घेऊन सावलीत रचायचं. वाळवूनही तडा गेला तर नुकसान अर्धं अर्धं. पहिल्या खेपेत लहान पाणघोडे, कारण ते लवकर वाळतात, हत्ती पावसाळ्यानंतर. गुंडाळायला वर्तमानपत्र, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदीच आहे. वाहतूक, कीड मारायची धुरी आणि जकात धरून पुण्यात हत्तीची किंमत किती होईल हे तिने परतीच्या गाडीत तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा ती शेजारच्या दुकानातल्या हत्तीच्या दुप्पट आली. ती म्हणते, फळीवरचा हिशेब छापून हत्तीच्या गळ्यात अडकवीन. मी म्हणते, कोणी वाचणार नाही, तू आधी दोन हत्ती कमी मागव. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.