चिपाडानं क्रोम धरला की नुसता बदलला?

रसवंतीच्या मागं ढिगानं पडलेलं उसाचं चिपाड प्लेटिंगच्या (धातूवर क्रोम-निकेलचा मुलामा देण्याच्या) धुण्याच्या पाण्यातले जड धातू धरतं, हे खरं आहे. पण क्रोमचं पिवळं पाणी रंगहीन झालं की काम झालं असं समजू नका. सांगलीजवळच्या कुपवाड-मिरजेकडचं पाणी ओढ्यावाटे शेवटी कृष्णेलाच मिळतं, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी चिपाड तयार करणं. साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे तिथलं चिपाड, बहुतेक बॉयलरलाच जातो, त्यामुळं रसवंतीचं चिपाड बरं. तुकडे करून गरम पाण्यानं धुवा, धुण्याचं पाणी तपकिरी यायचं थांबेपर्यंत. साखर राहिली तर दोन दिवसांत आंबूस वास येतो आणि पाण्याचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उलट वाढतो. मग ६० ते ७० अंशांवर वाळवून दळा आणि ०.५ ते १ मिलिमीटरचा भाग चाळून घ्या. त्याहून बारीक पीठ काढून टाका, तेच पुढं पाईप तुंबवतं. निकेल-तांब्यासाठी लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून त्यात हा चाळलेला ५० ग्रॅम भुसा दोन तास ठेवा आणि सामू (पीएच) ७ येईपर्यंत धुवा; धरण्याची ताकद वाढते. क्रोमसाठी कॉस्टिक नको. त्यानं थोडं लिग्निन (चिपाडाला कडकपणा देणारा घटक) निघून जातं, आणि इथं तेच उपयोगी पडतं.

चाचणीसाठी ०.१४१४ ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट एक लिटर पाण्यात विरघळवा, म्हणजे क्रोम बरोबर ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर होतो. हातमोजे घालाच, सहा संयुजेचा क्रोम (डायक्रोमेटमधलं क्रोमचं विषारी रूप) कर्करोगकारक आहे. १०० मिली पाणी, १ ग्रॅम भुसा, सामू २, दोन-तीन तास ढवळणं. आता खरी गंमत आत घडते. आम्लात चिपाड सहा संयुजेच्या क्रोमचं तीन संयुजेत रूपांतर करतं, आणि त्यातला बराचसा परत पाण्यात सुटतो. क्रोम तपासायच्या डायफिनाइलकार्बाझाइड या रसायनाचा जांभळा रंग फक्त सहा संयुजेलाच येतो. रंग आला नाही म्हणून पाणी स्वच्छ लिहिलं, तरी एकूण क्रोम तिथंच असतो. ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा दोन आहेत: सहा संयुजेचा ०.१ आणि एकूण क्रोम २ मिलिग्रॅम प्रतिलिटर. दोन्ही मोजा. उपाय सोपा आहे: भुसा गाळून सामू ८ ते ८.५ वर न्या, तीन संयुजेचा क्रोम हिरवट गाळ होऊन खाली बसतो.

निकेल, तांबं, शिसं यांचा हिशोब उलटा. सामू ५ ते ६ ठेवा. ३ च्या खाली हायड्रोजन आयन जागा अडवतात. ६ च्या वर जाल तसा धातू आपोआप गाळ होऊन बसू लागतो आणि श्रेय चिपाडाला जातं. म्हणून त्याच सामूची, भुसा न घातलेली एक बाटली शेजारी हवीच. दुसरी बाटली साध्या पाण्यात भुसा घातलेली, कारण चिपाडाचा तपकिरी रंग फोटोमीटरला (रंगावरून धातू मोजणाऱ्या यंत्राला) फसवतो. पाण्यात सायनाइड किंवा ईडीटीए (धातू बांधून ठेवणारी रसायनं) असेल तर धातू त्यांना बांधलेला असतो, चिपाडाच्या हाती फारसं लागत नाही.

आता प्रमाण. ५० वरून ५ मिलिग्रॅमवर आलं तर १ ग्रॅमनं ४.५ मिलिग्रॅम धरला. हजार लिटरला दहा किलो भुसा. रोज एवढं पाणी असेल तर दहा किलो धातूभरला भुसा निस्तरणं परवडत नाही, म्हणून आधी चुन्यानं गाळ पाडा आणि उरलेल्या निकेल-तांब्यासाठीच चिपाड वापरा. हा भुसा भरायच्या चार इंची, एक मीटरच्या पीव्हीसी पाईपात साधारण आठ लिटर जागा असते. वीस मिनिटं संपर्क हवा तर ताशी २४ लिटरच सोडता येतं. भुसा भिजवून, फुगल्यावरच भरा. कोरडा भरला तर आत फुगून घट्ट बसतो. पाणी खालून वर द्या, नाहीतर कडेनं वाट काढतं.

वापरलेला भुसा घातक कचरा आहे. वाळवून गोणीत भरा आणि अधिकृत केंद्राकडं पाठवा. गुऱ्हाळाच्या चुलीत किंवा खताच्या खड्ड्यात तो कधीच जाऊ नये: जाळल्यावर राखेतल्या क्षारांबरोबर तीन संयुजेचा क्रोम पुन्हा सहा संयुजेचा होऊ शकतो, आणि पहिल्याच पावसात तो विरघळून वाहतो.