वजन विचारणारं सायकलचं दुकान

आबांनी साताऱ्यात हे दुकान टाकलं 1979 साली. धंदा दोनच गोष्टींचा: तासाने भाड्याच्या सायकली आणि दुधवाल्यांची चाकं. घर चाललं भाड्याच्या सायकलींवर, नाव झालं ते चाकांमुळे. आसपासच्या गावांतून पहाटे दूध घेऊन येणारी मंडळी कॅरियरला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायची. 60-70 लिटर दूध, वर कॅनचं वजन, वर माणूस, आणि रस्ता कसा होता ते त्या पिढीला सांगायला नको. वाटेत दोन तारा तुटल्या की चाक लहरायला लागायचं आणि दूध रस्त्यावर.

काळ्या सायकलीला मागे 40 आणि पुढे 32 तारा असतात. दुधवाल्याच्या चाकात आबा नेहमीपेक्षा जाड तारा भरायचे, निपल, म्हणजे तार रिमला आवळायची छोटी नळी, पितळेचेच वापरायचे. चाक बांधून झालं, आऊट काढून, म्हणजे चाकाचं लहरणं सरळ करून झालं, की शेजारशेजारच्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोरात दाबायचे. करकर आवाज यायचा. मग पुन्हा आऊट काढायचे. कशासाठी म्हणून विचारलं तर उत्तर एवढंच, "बसू दे की त्यास्नी जाग्यावर."

हे सगळं मी लहानपणापासून बघितलं होतं आणि धंद्यात आल्यावर सोयीस्कर विसरलो.

मी 2006 पासून दुकानात बसायला लागलो. भाड्याच्या सायकली तोवर भंगारात गेल्या होत्या, दुधवाले मोटरसायकलवर आले होते. मी गिअरच्या सायकली आणल्या, काचेचं कपाट केलं, कॅटलॉग ठेवले. कॅटलॉगात प्रत्येक वस्तूपुढे ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं आणि आकडा जितका लहान तितकी किंमत मोठी. हलकं ते चांगलं, हे माझ्या डोक्यात तिथून बसलं.

2014 मध्ये एक बँकेतले साहेब यायला लागले. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं, म्हणून 26 इंची माउंटन बाइक घेतलेली. दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन यायचे. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी मागच्या चाकाची एक तार तुटलेली. बहुतेक वेळा डावीकडची, बरोबर हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथे तार वाकते तिथे. मी नवी तार घालायचो, आऊट काढायचो, 50 रुपये घ्यायचो. सहाव्या-सातव्या वेळेला त्यांनीच विचारलं, "यापेक्षा चांगली चाकं मिळत नाहीत का?"

मिळत होती. मी त्यांना कॅटलॉगातली सगळ्यात देखणी जोडी मागवून दिली. 24 तारांची, हबपाशी न वाकणाऱ्या सरळ तारांची, हलकी. साहेबांनी घासाघीस न करता पैसे दिले.

पहिल्याच पावसाळ्यात कासच्या अलीकडे, जांभ्याच्या खडबडीत वाटेवर एक तार गेली. 32 तारांच्या चाकात एक तार गेली तर चाक थोडं डुलतं, पण माणूस घरी येतो. 24 मधली एक गेली तर रिम एवढी वाकडी होते की टायर फ्रेमच्या चिमट्याला घासून चाक अडकतं. साहेब भाजीच्या टेंपोत सायकल घालून परत आले. त्या सरळ तारा साताऱ्यात नव्हत्या, पुण्यातही मिळाल्या नाहीत. यायला तीन आठवडे लागले. बसवल्यावर महिन्याभरात दुसरी गेली. साहेब रागावले नाहीत. उलट हसून म्हणाले, "चूक माझीच, जेवण कमी करायला पाहिजे." ते मला जास्त लागलं.

आबा बाकड्यावर बसून ऐकत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, "आरं, त्यांचं वजन किती हाय, इचारलंस का कधी?"

नव्हतं विचारलं. दुधवाल्याला कॅन किती लिटरचा हे विचारल्याशिवाय आबांनी कधी चाक बांधलं नव्हतं. साहेब होते 112 किलो. मी ती जोडी परत घेतली, पूर्ण पैसे दिले. त्या वर्षीच्या दिवाळीची कमाई त्यात गेली.

मग मात्र मी चाक मुळापासून समजून घेतलं. सायकलवर बसलं की खालच्या तारांवरचा ताण वाढतो असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. टेकलेल्या जागी रिम किंचित दबते आणि तिथल्या तारा सैल पडतात. चाक पुढे गेलं की परत ताठ होतात. 26 इंची चाक किलोमीटरला साधारण 480 फेरे घेतं. कासला जाऊन यायचे 50 किलोमीटर धरले तर एका रविवारी प्रत्येक तार 24 हजार वेळा सैल-ताठ होते. लोखंडी तार तोडायची असली की आपण ती पुन्हापुन्हा इकडे-तिकडे वाकवतो, तोच प्रकार. माणूस जड असेल तर हे सैल पडणं जास्त. आणि तार मुळातच ढिली असेल तर ती पार लुळी पडून लवकर मरते. मागच्या चाकात उजवीकडे गिअरला जागा द्यावी लागते, म्हणून डावीकडच्या तारांना ताण कमी, पुष्कळदा उजवीच्या 60 टक्केच. साहेबांच्या डावीकडच्याच तारा का जायच्या याचं उत्तर इथे होतं, आणि मी दर वेळी नवी तार जुन्याच ढिल्या शेजारणींमध्ये बसवत होतो.

साहेबांसाठी नवी जोडी दुकानातच बांधली. 32 भोकांची रिम, आतून 25 मिलिमीटर रुंद, तीन क्रॉसमध्ये, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाईल अशा तारा, पितळी निपल. तारा टोकांना 2 मिलिमीटर आणि मध्ये 1.8. जड माणसाला मध्ये बारीक तार का, हे अजून प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. बारीक भाग थोडा जास्त ताणला जातो, त्यामुळे रिम दबली तरी तार एकदम लुळी पडत नाही, आणि हबपाशी जिथे ती तुटते तिथे तर ती जाडच असते. ताण मोजायचा गेज मागवला. मागच्या चाकात उजवीकडे 110 ते 120 किलोचा ताण ठेवला. निपल आवळताना तार स्वतःभोवती पिळते, म्हणून थोडं जास्त फिरवून मागे घ्यायचं. शेवटी आबांनी आपल्या हातांनी सगळ्या तारा जोडीजोडीने दाबल्या.

ही जोडी आधीच्यापेक्षा 400 ग्रॅमने जड झाली. 112 किलोच्या माणसाला चाकातले 400 ग्रॅम! साहेबांना चढावर फरक कळलासुद्धा नाही. मागचं चाक पुढची साडेचार वर्षं एकही तार न तोडता चाललं. रिम बदलावी लागली ती ब्रेकने घासून पातळ झाली म्हणून.

त्यांच्या तोंडून ऐकून दुसरे आले. तेव्हापासून आमचं काम हेच झालं.

अडचण एकच होती, वजन विचारायची. लोक खरं सांगत नाहीत. नव्वद म्हणणारा 108 निघतो. शेजारच्या आडतदुकानातून जुना काटा विकत घेतला आणि एक युक्ती काढली: सायकल आणि पाठीवरची बॅग घेऊनच काट्यावर उभं राहायचं. चाकावरची वजनमर्यादा कंपन्या बहुधा अशीच धरतात, माणूस, सायकल, सामान सगळं मिळून, त्यामुळे मला हवा तो आकडा मिळतो आणि समोरचा म्हणू शकतो की सायकलच जड आहे.

स्वस्त 21 गिअरच्या सायकलींचं दुखणं वेगळं. त्यांच्या हबवर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा, आट्यांनी बसवलेलं असतं, उजवीकडचे छर्रे आत राहतात आणि एक्सलचं, म्हणजे चाकाच्या आसाचं टोक आधाराशिवाय लांब बाहेर येतं. जड माणसाखाली ते वाकतं, कधी मोडतं. तिथे तारा बदलून उपयोग नाही. कॅसेटचा हब घालावा लागतो, ज्यात छर्रे बाहेरच्या टोकाजवळ असतात. हा खर्च कधीकधी सायकलीच्या किमतीच्या निम्मा होतो. तसं असेल तर मी स्पष्ट सांगतो की यात पैसे घालू नका.

2020 च्या लॉकडाउननंतर सायकली कमी आणि मागणारे जास्त, असं झालं. सुटे भाग मिळेनात. लोकांनी ऑनलाइन मिळतील ती चाकं मागवली आणि खोकी घेऊन आमच्याकडे आले. 135 मिलिमीटरच्या फ्रेमला 148 चा हब. आत जाणार कसा? तुमच्या फ्रेमच्या मागच्या चिमट्यातलं अंतर मोजा, एक्सल कुठला ते बघा, मग चाक शोधा. 148 चा हब मिळत असेल तर जड माणसाला तो चांगलाच, तारांचा पाया रुंद होतो. पण त्यासाठी फ्रेम तशी लागते.

आणि निम्म्या लोकांना नवी चाकं लागतच नाहीत. 29 इंची चांगली सायकल असते, रिम सरळ असते, फक्त कारखान्यातून आल्यापासून तारांना कुणी हात लावलेला नसतो. ताण सारखा करून, टायर 2.3 किंवा 2.4 इंच रुंदीचा घालून, मागे हवा थोडी वाढवून दिली की काम भागतं. हवा कमी ठेवली तर दगडावर ट्यूब चिमटते आणि रिमला पोचा येतो. याची मजुरी 400 रुपये. माझा मेहुणा म्हणतो, असा धंदा करतात का. पण हीच माणसं पुढे चाकं बांधून घ्यायला येतात, हे त्याला मी सांगत बसत नाही.

नवं चाक नेलं की 150 किलोमीटरनंतर परत आणायचं, पुन्हा ताण बघून देतो, पैसे नाहीत. पावसाळ्यात येताना सायकल धुऊन आणा एवढी विनंती. सोमवारी दुकान बंद. काटा पूर्वी दाराशी असायचा. मागच्या वर्षी एक ताई त्याच्याकडे बघून पायरीवरूनच परत फिरल्या, म्हणून आता तो आत, ट्यूबच्या खोक्यांमागे ठेवला आहे.