भूकंप सांगता येत नसेल, तर शिकलीस काय?

लग्नकार्यात, एस. टी. स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा मला हा प्रश्न विचारला गेला आहे. आज तुम्हीही विचारलात, म्हणून विषय न बदलता उत्तर देते.

भूशास्त्राच्या एम. एस्सी.ला बसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे, थर अभ्यासताना वाई, आंबेनळी, महाबळेश्वर ही आपल्या सातारा जिल्ह्यातली नावे त्या थरांची नावे म्हणून परदेशी शोधनिबंधांत भेटली, तेव्हा अभिमान वाटला होता. पीएचडीसाठी कोयनेचे भूकंप घेतले ते मात्र पाटणच्या आत्यामुळे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या मोठ्या भूकंपात तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मी कधीही न पाहिलेला माझा काका, भिंतीखाली गेला.

मी तिच्याकडे असताना एका रात्री धक्का बसला. भांडी वाजली, एवढेच. आत्या अंगणात येऊन बसली आणि म्हणाली, "आज आत झोपू का नको, सांग." मी समजावू लागले: पावसाळ्यात जलाशय भरतो, पाण्याचा दाब भेगांतून खोल पोहोचतो, आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो, पण कोणत्या रात्री, हे कुणालाच सांगता येत नाही. तिने शांतपणे ऐकले. "म्हंजी तुला आन मला सारखंच ठावं," असे म्हणून तिने गोधडी बाहेरच अंथरली. मीही तिच्याशेजारी पडले, पण झोप लागली नाही.

सारखेच कसे? १९६७पूर्वी दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते. १९७०च्या सुधारित भूकंप-नकाशात कोयना चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, भूकंपक्षेत्रात गेली. दगडमातीची जड भिंत का कोसळते, ती कशी बांधून घ्यावी, हे आज सांगता येते. यावर आत्या म्हणते, ते तर गवंडीही सांगतो. गवंड्यापर्यंत ते अभ्यासातूनच आले, हे माझे म्हणणे खरे आहे. पण ते आले माणसे गेल्यानंतर, हेही तितकेच खरे आहे.

प्रवेश घेताना मला वाटे, पुरेशी मोजमापे झाली की दिवस सांगता येईल. आज त्या मुलीला मी कोयना भागातल्या गोठणे गावी या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाडलेले तीन किलोमीटर खोल छिद्र दाखवीन: सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट, खाली ग्रॅनाइट, आणि बहुतेक भूकंप त्याहूनही खोल. ती म्हणेल, मग आणखी खोल जा. तिला नाही म्हणण्याइतके कारण माझ्याकडे नाही, आणि आत्याला हो म्हणण्याइतके तर नाहीच.