हळद, अंगठा आणि कुळागरातली मिरी

गेल्या पावसाळ्यात आदोळीवर (म्हणजे विळीवर) बांगडे कापताना अंगठा कापला. आईने लगेच हळद दाबली, वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली, रक्त थांबलं, मी पण खूश. चौथ्या दिवशी अंगठा टम्म सुजला, रात्रभर नुसता ठणका, आणि पट्टी सोडली तर हळदीच्या पिवळ्या लगद्याखाली पू! डॉक्टरने पू काढला, अँटिबायोटिक लिहून दिलं आणि म्हणाले, हळद हुमणात (माशांच्या कालवणात) घाला हो, जखमेत नको.

तेव्हापासून डोक्यात किडा. म्हणजे हळद खोटी का? तर नाही. त्यातलं कर्क्युमिन लॅबच्या बशीत बॅक्टेरिया मारतं, पण हळदीच्या पुडीत ते असतं जेमतेम 2 ते 5 टक्के, पाण्यात धड विरघळत नाही, पोटात गेलं तर रक्तात फारच थोडं पोचतं. शिवाय आमची पूड डब्यातली, त्यात तोच ओला चमचा रोज, ती निर्जंतुक कुठून असणार?

लसणाचं पण तसंच. त्यातलं जंतू मारणारं ॲलिसिन 1944 मध्ये वेगळं काढलं, पण ते पाकळीत आयतं नसतंच, लसूण ठेचला की तयार होतं आणि गरम फोडणीत पडलं की बरंचसं संपलं. फोडणीचा वास घेऊन इन्फेक्शन पळालं असं समजणाऱ्यांना (आमच्या फॅमिली ग्रुपवर असे तिघे आहेत) हे सांगायला गेलं की राग येतो.

मला सगळ्यात भारी वाटली ती दारुहळदीच्या (ही आपली हळद नव्हे, वेगळंच झुडूप) जातीतल्या झाडांची गोष्ट. त्यांच्यात बर्बेरीन असतं, जंतूंना विषारी, पण स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू, जो जखमांमध्ये पू करतो तोच, त्याच्याकडे एक पंप असतो, आत आलेलं विष तो बाहेर फेकत राहतो, होडीतलं पाणी उपसावं तसं. मग झाड काय करतं, तर त्या पंपात बोळा कोंबणारं दुसरं एक रसायन पण बनवतं, जे एकटं जंतूला काहीच करत नाही! 2000 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दाखवलं. म्हणजे झाडाचं औषध एकटं नसतं, जोडीनं असतं.

आणि आपली मिरी! मिरीतलं पायपेरीन पण लॅबमध्ये तोच पंप अडवतं आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची ताकद वाढवतं. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पोफळींवर चढलेल्या मिरीच्या वेलीकडे तेव्हापासून मी जरा वेगळ्याच नजरेने बघते. मला विचाराल तर झाडपाला अँटिबायोटिकच्या जागी येण्यापेक्षा त्याच्या जोडीला येईल, हे जास्त खरं वाटतं. पण म्हणून गोळीबरोबर मिरीचा काढा घेऊ नका, पायपेरीनमुळे काही औषधं रक्तात जास्त चढतात, डोसचा सगळा हिशेब बिघडतो.

पणजीत चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ता बागेत मी कॉलेजात असताना कितीदा बसलेय, चणे खाल्लेत. आता कळलं, हा माणूस पोर्तुगीज डॉक्टर, त्याने इथल्या औषधांवर लिहिलेलं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं. कॉलेजभर वाटायचं कोणीतरी गव्हर्नर असेल.

हे सगळं आईला सांगितलं, पंपासकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी हळदीत थोडी मिरपूड घालायला हवी होती तर?"